हुकलेला ठसा

नाणी जमवणाऱ्यांच्या बोलीत 'लखी' नावाचा एक प्रकार आहे. नाण्याच्या एका बाजूला नेहमीची, उठावदार सिंहमुद्रा असते. नाणं उलटावं तर मागेही तीच सिंहमुद्रा, पण खोलगट आणि आरशात दिसावी तशी उलटी. किमतीची बाजू या नाण्याला नसतेच. हे घडतं ते असं: दोन साच्यांच्या मधे धातूची कोरी चकती येते, दाब बसतो, नाणं बाहेर पडतं आणि पुढची चकती येते. कधीतरी तयार झालेलं नाणं बाहेर न पडता एका साच्याला चिकटून बसतं. पुढच्या चकतीवर मग त्या साच्याऐवजी चिकटलेल्या नाण्याचा उघडा चेहरा दाबला जातो. उठाव होता तिथे खळगा पडतो, डावीकडचं उजवीकडे जातं. लाखात एखादं निघतं म्हणून लखी, असं बाजारात सांगतात. गल्ल्यात ठेवलं की बरकत राहते अशीही समजूत आहे, त्यामुळे ज्या दुकानदाराला ते सापडतं तो सहसा सोडत नाही.

लखीखेरीज आणखी पुष्कळ प्रकार आहेत. ठसा एका बाजूला सरकलेली नाणी, चंद्रकोरीसारखा काठ कापला गेलेली नाणी, दोनदा ठसा बसलेली, साच्याला तडा गेल्यामुळे अंगावर बारीक रेघ आलेली. यांच्या शेजारी संग्रहांत आणखी एक जात असते ती रंग बदललेल्या नाण्यांची: निळी-जांभळी झाक चढलेले चांदीचे रुपये, काळवंडलेले आणे, हिरवट पैसे. ठसा हुकलेल्या नाण्याला मराठी संग्राहक सरळ 'एरर' म्हणतात. अनुवादाचं काम करणाऱ्याला इथे थांबावंसं वाटतं, कारण नाण्याच्या दोषांसाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. धातूत भेसळ असेल तर ते हीण, आणि नाणं हिणकस. शुद्धता पाहायची तो कस, ज्या दगडावर पाहायची ती कसोटी, आणि कसाला पूर्ण उतरलेलं सोनं बावनकशी. आपटल्यावर नीट वाजलं तर नाणं खणखणीत, नाहीतर बद्द. अखंड असेल तर बंदा रुपया, मोडला की खुर्दा. देवघेवीत किमतीतून जी वजावट व्हायची तो बट्टा. धातू, आवाज, वजन आणि पत या सगळ्यांचे दोष भाषेने नोंदवले आहेत. ठसा हुकला, या एका दोषासाठी मात्र रुळलेला शब्द नाही. असं का, याचं उत्तर नाण्यांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचे बरेच दुवे रायपूरच्या आसपास सापडतात.

सर्वांत जुना दुवा दक्षिण कोसलातला. पाचव्या-सहाव्या शतकात आजच्या छत्तीसगडच्या मैदानी भागात शरभपुरीय राजे आणि दक्षिणेला बस्तरकडे नल राजे राज्य करत होते. त्यांची सोन्याची नाणी हा भारतीय नाणेशास्त्रातला एक वेगळाच प्रकार आहे. नाणं कसलं, सोन्याचा पातळ पत्राच तो. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. शरभपुरीय नाण्यावर मधोमध पंख पसरलेला गरुड, त्याच्या बाजूंना शंख-चक्रासारखी चिन्हं, चंद्रकोर, आणि खाली राजाचं नाव: श्री महेन्द्रादित्य, किंवा प्रसन्नमात्र. नलांच्या नाण्यांवर बसलेला नंदी. अक्षरांच्या माथ्यावर छोट्या चौकोनी पेट्या काढलेल्या असतात, ही त्या काळची या भागातली लिपी. पत्रा मऊ आधारावर ठेवून मागून ठसा दाबला की पुढच्या बाजूला चित्र उठतं. साहजिकच मागची बाजू त्याच चित्राची खोलगट, उलटी प्रत असते. गरुड इकडे उठावदार, तिकडे खळग्यात. नाव इकडे सुलटं, तिकडे आरशातलं.

म्हणजे दिसायला ही लखीच. फरक एवढाच की इथे लाखात एक नव्हे, प्रत्येक नाणं असं. आजच्या टांकसाळीत जे घडलं की यंत्र थांबवून साचा तपासतात, ते इथे राजाच्या नावाने मुद्दाम घडवलं जात होतं. हातात लखी धरलेल्या माणसाला हे कळलं की 'दोष' या शब्दाची पकड थोडी सैल होते. चित्र उलटं पडणं हा नाण्याचा गुणधर्म आहे. तो दोष ठरतो तो दुसऱ्या एखाद्या नाण्याशी केलेल्या तुलनेत.

या नाण्यांबद्दलची आपली माहिती ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचं नाव प्रथम घ्यावं लागतं. बस्तरमधल्या एडेंगा इथे ३२ सोन्याची नाणी एकत्र सापडली. मिराशींनी १९३९ मध्ये त्यांवर लिहिलं आणि नल घराण्यातल्या वराहराज, भवदत्त आणि अर्थपती या तीन राजांची नावं नाण्यांवरून वाचून दाखवली. पुढे तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात खैरताल इथे महेन्द्रादित्याची ५४ नाणी मिळाली, पितईबंदलाही एक साठा मिळाला. महेन्द्रादित्य कोण, यावर वाद झाला. गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त हेच बिरुद लावत असे, तेव्हा ही त्याचीच नाणी, असं काहींचं म्हणणं. हा स्थानिक, शरभपुरीय राजा, असं दुसऱ्यांचं. इतक्या पातळ पत्र्याची नाणी बाजारात हातोहात फिरली असतील का, की ती दान-समारंभासाठीच होती, हाही प्रश्न विचारला गेला. या वादांत वजनमापाइतकंच महत्त्व एका साध्या गोष्टीला होतं: कोणती नाणी कुठे, कशासोबत आणि किती सापडली.

ही गोष्ट सहज हातची जाऊ शकली असती. शेतात नांगराला लागलेला सोन्याचा पातळ, चुरगळलेला पत्रा पाहून कुणाला राजाचं नाव आठवणार? तो मोडक्या दागिन्याचा तुकडा वाटतो आणि सोनाराच्या मुशीत जातो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्या वाटेने मध्य प्रांतातले अनेक साठे वस्तुसंग्रहालयांत पोहोचले. रायपुरात असं संग्रहालय १८७५ मध्येच उभं राहिलं होतं, राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पण जे साठे कळवले गेले नाहीत ते वितळले. सोन्याचं सोनं राहिलं, इतिहास गेला.

दुसरा दुवा मराठी वाचकाच्या अधिक ओळखीचा आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या टाचेखाली आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. त्यानंतर सुभेदार आले, १८१८ मध्ये इंग्रजी देखरेख आली आणि मुख्य ठाणं रतनपुराहून रायपूरला हललं, १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं. या शंभराहून अधिक वर्षांत इथे जो पैसा आला त्याच्यावर सुबक, पूर्ण ठसा शोधायला जाऊ नये.

मराठी अमलातले रुपये हाताने पाडले जात. खालचा साचा ऐरणीत बसवलेला, वर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा साचा धरून हातोड्याचा घाव. साचा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे कोणत्याही एका रुपयावर पूर्ण मजकूर कधीच मावत नसे. कुठे बादशहाच्या नावाचा अर्धा भाग, कुठे टांकसाळीच्या नावाची शेपटी. आज ज्याला 'ठसा सरकलेला' म्हणतात ती त्या काळची रीतच होती. मजकूरही विचित्र. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांवर मोगल बादशहा अहमदशाह याचं नाव आणि कटक हे टांकसाळीचं नाव फारसीत आढळतं. ओडिशा भोसल्यांकडे आला १७५१ मध्ये, तेव्हा अहमदशाह दिल्लीच्या गादीवर होता. १७५४ मध्ये त्याला पदच्युत करून आंधळं केलं गेलं, पण नाण्यांवर तो पुढेही नांदत राहिला. फारसी न येणारा कारागीर आधीचा रुपया समोर ठेवून साचा कोरायचा; एका पिढीत टिंब गळायचं, दुसरीत अक्षराची नुसती नक्षी व्हायची.

नागरी अक्षरांचंही तसंच. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' असायला हवं. पण शिवराया शिवाजी महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, अनेक ठिकाणी पाडल्या गेल्या. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई तर एकोणिसाव्या शतकातली. त्यांत 'शिव'चा 'सिव' होतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, एखादं अक्षर उलटं उमटतं. साच्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं तेव्हा ते नाण्यावर सुलटं येतं. सरावाच्या हाताने ते सुलटं कोरलं की घोटाळा झालाच. आज संग्राहक अशा शिवराया वेगळ्या काढून ठेवतात. तेव्हा बाजारात त्या निमूटपणे चालत. बाजाराला अक्षरं वाचायची नव्हती. तांबं तोलायचं होतं.

म्हणूनच भाषेत तो शब्द नाही. ठसा ही ओळख होती, हमी नव्हती. हमी धातूची आणि वजनाची, आणि ती तपासायचं काम सराफाचं. सराफ नाणं वाजवून पाही, कसाला लावी, त्यावर आपली बारीक खूण ठोकी आणि मग बट्टा सांगे. एकाच बाजारात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. नाणं झिजलं असेल तर बट्टा, परमुलखातलं असेल तर बट्टा, जुन्या सालाचं असेल तरी बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण आज अब्रूबद्दल बोलतो, पण मुळात तो पेढीवरचा रोजचा हिशेब होता. त्याचा भार पडे तो ज्याच्या हातात शेवटी नाणं उरलं त्याच्यावर. टांकसाळीच्या मक्तेदाराने हीण घातलेलं असो की शंभर हातांनी झिजवलेलं असो, सारा भरायला आलेला शेतकरी त्याची किंमत चुकवी.

भोसल्यांच्याच मुलखात याचं एक टोकाचं उदाहरण घडलं. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत कंपनीकडे गेला. तिथला सगळा लहान व्यवहार कवड्यांवर चाले आणि सारासुद्धा कवड्यांत भरला जाई. कंपनीने सारा चांदीच्या सिक्का रुपयांत मागितला. रुपये मिळवायला सगळेच कवड्या घेऊन धावले आणि कवडीचा भाव कोसळला. १८१७ मध्ये खुर्द्याच्या पाइकांनी जो उठाव केला त्याच्या कारणांत हे एक होतं. कवडीत खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. कालची कवडी आजही तशीच होती. बदलला होता तो फक्त घेणाऱ्याचा नियम, आणि लोकांचं जन्माचं धन कवडीमोल झालं.

बट्ट्याचा हा जाच मोडण्यासाठी कंपनीने बंगालमध्ये जी युक्ती केली ती नाण्यांच्या इतिहासातली एक सुंदर चूक आहे, आणि जाणूनबुजून केलेली. सराफ चालू सालाच्या रुपयाला पूर्ण भाव देत आणि जुन्या सालांवर बट्टा लावत. तेव्हा कंपनीने रुपयांवरचं सालच गोठवलं. शाहआलम बादशहाचं एकोणिसावं राज्यवर्ष म्हणजे १७७७-७८. त्यानंतरही वर्षामागून वर्षं, थेट १८३५ पर्यंत, रुपयांवर एकोणीसच छापलं जात राहिलं. 'उन्नीस सन'चा सिक्का रुपया तो हाच. त्यावरचा आकडा खोटा होता. पण त्या खोट्या आकड्याने कालच्या आणि आजच्या रुपयाचा भाव एक ठेवला.

मग १८३५ चा कायदा आला. कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया, वजन १८० ग्रेन, त्यात बारापैकी अकरा हिस्से शुद्ध चांदी, वर विल्यम राजाचं चित्र. मुंबई आणि कलकत्त्याला वाफेवर चालणाऱ्या नव्या टांकसाळी त्याआधी थोडीच वर्षं सुरू झाल्या होत्या. यंत्राने एक वचन दिलं जे हातोड्याला कधी देता आलं नव्हतं: प्रत्येक नाणं दुसऱ्यासारखं. चकती साच्याएवढी, मजकूर पूर्ण, काठावर सारख्या दंतुर रेघा, म्हणजे काठ कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावी. 'एरर' जन्मला तो या वचनातून. सगळं सारखं असेल असं सांगितल्यावरच वेगळं काही डोळ्यांत भरतं. हातोड्याच्या काळातली हजारो वेडीवाकडी नाणी कुणी चूक म्हणून जपली नाहीत. यंत्रातून सुटलेलं एक वाकडं नाणं मात्र जपावंसं वाटतं, कारण तिथे एरवी न दिसणारी टांकसाळ दिसते. चिकटलेलं नाणं, तडकलेला साचा, पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पडलेला कोयता, हे सगळं कामाचे पुरावे आहेत. बिनचूक नाण्यावर ते पुसलेले असतात.

तरीही चूक कशाला म्हणायचं हे यंत्राने कायमचं ठरवलं नाही. १८६२ सालाचे राणीछाप रुपये १८७४ पर्यंत त्याच सालाने निघत राहिले. खरं वर्ष कळावं म्हणून नक्षीत बारीक ठिपके वाढवले जात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर तर यांत्रिक दोष एकही नव्हता. राजाच्या अंगावरच्या पदकमाळेत एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके उमटले, लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजातून आक्षेप आला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतले सात लाख बाहेर पडले होते. बाकीचे वितळवले गेले आणि १९१२ साली हत्ती नीट कोरून नवा रुपया आला. साचा बरोबर होता, दाब बरोबर होता, चांदी बरोबर होती. वाचन वेगळं झालं. अनुवादकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल: मजकुराची चूक लिहिणाऱ्याच्या हाताबाहेर, वाचणाऱ्याच्या दारातही घडू शकते.

रंगाचं प्रकरण याहून शांत आहे, पण तेही वाचता येतं. चांदीला हवेतलं गंधक लागलं की तिच्यावर अत्यंत पातळ थर बसतो. थर वाढत जातो तसा, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा, रंग बदलत जातो: आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा, शेवटी काळा. पुठ्ठ्याचा डबा, लाकडी पेटी, रबरबँड, स्वयंपाकघराचा धूर, नाणं कुठे राहिलं याची ही नोंद असते. काही रंग तर थेट इतिहासातून येतात. १९४० मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, रुपयातली चांदी बारापैकी अकरा हिश्शांवरून निम्म्यावर आणली गेली; उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणून १९४० ते १९४५ चे रुपये त्याआधीच्या रुपयांसारखे रंगत नाहीत. त्यांवरची झाक मळकट, पिवळट येते. निकेल युद्धसामग्रीकडे वळल्यामुळे १९४२ ते १९४५ या काळातले आणे पिवळे दिसतात, ते निकेल मिसळलेल्या पितळेचे आहेत. तांबं वाचवायला १९४३ पासून पैशाला मधे भोकच पाडलं गेलं. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, चांदी संपली. जुन्या नाण्यांची मूठ टेबलावर पसरली तर नुसत्या रंगांवरून दुसरं महायुद्ध कुठे सुरू झालं ते बोटाने दाखवता येतं.

याच कारणासाठी संग्राहक नाणं धुऊ नका असं कळवळून सांगतात. आपल्या घरांत मात्र उलट रीत आहे. लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये निघतात, चिंचेने किंवा राखेने लख्ख घासले जातात, पंचामृताने न्हातात आणि हळदकुंकू लावून पाटावर बसतात. दरवर्षी थोडी राणी झिजते. छत्तीसगडात बायका चांदीच्या रुपयांना कड्या डाखून गळ्यात माळ घालत आल्या. तिला रुपिया म्हणतात. सोन्याच्या चकत्यांची ती पुतरी, आपली पुतळ्यांची माळ. नाणेशास्त्राच्या हिशेबाने डाख लागलेला रुपया बाद. पण तो रुपया जिच्या गळ्यात होता तिच्यासाठी डाख हाच त्याचा उपयोग होता: दुष्काळात कडी तोडली की धान्य. घासलेली राणी आणि डाखलेला रुपया यांना बिघडलेली नाणी म्हणण्यापेक्षा त्यांच्या अंगावर दुसरा एक इतिहास चढला आहे असं म्हणावं. संग्राहकाने निदान तो नोंदवावा.

कारण आता दोषालाच भाव आला आहे, आणि जिथे भाव तिथे बनावट. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबली की एकावर दुसऱ्याची उलटी खोलगट प्रतिमा उमटते आणि ती लखी म्हणून खपते. खऱ्या लखीची दर्शनी बाजू धारदार असते. दाबून केलेलीची बाजू चेपलेली असते आणि खोलगट चित्राखाली मूळ ठशाचे अवशेष डोकावतात. काठ कापलेलं नाणं कानशीने कुणीही करतं. पण खऱ्यामध्ये कापाच्या बरोबर समोरच्या काठावरही कड पुसट असते, कारण दाब बसताना तिथला धातू नीट भरत नाही. रंग गंधकाने आणि आचेने तासाभरात चढवता येतो. मात्र सावकाश आलेला रंग काठाकडून आत क्रमाने बदलतो आणि अक्षरांच्या आडोशाला वेगळा दिसतो. त्यापलीकडे निव्वळ फसवणूक आहे. अमुक चित्राच्या पाच रुपयांना लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, अशा जाहिराती इतक्या वाढल्या की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपलं नाव वापरून चाललेल्या या धंद्यापासून लोकांना सावध केलं. नाणं कुठे, कधी, कशासोबत मिळालं याची ओळ पाकिटावर लिहिलेली असेल तर संग्रहाला अर्थ राहतो. खैरतालच्या ५४ नाण्यांना तो त्याच एका ओळीमुळे राहिला.

या सगळ्याचं टोक आजच्या भाजीबाजारात आहे. २०१६ च्या सुमारास देशाच्या अनेक भागांत, रायपूरकडेही, दहा रुपयांचं नाणं घ्यायला लोक नकार देऊ लागले. कुणी म्हणे रुपयाचं चिन्ह नसलेलं नाणं खोटं, कुणी नाण्यावरच्या किरणरेघा मोजे: दहा असतील तर खरं, पंधरा असतील तर खोटं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहाच्या नाण्याचे तोवर १४ वेगवेगळे ठसे निघालेत आणि सगळे चालू आहेत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. संशय तरीही पुष्कळ काळ रेंगाळला.

हा संशय नुसता अडाणीपणाचा नव्हता. भोसल्यांच्या काळात धातू खरा असला की ठसा कसाही चाले. आज धातूला किंमत नाही. दहा रुपये आहेत ते केवळ ठशाने सांगितलं म्हणून. सारखेपणा हीच हमी आहे असं दीडशे-पावणेदोनशे वर्षं शिकवल्यावर एकाच किमतीचे १४ ठसे समोर आले तर माणूस बिचकणारच. आणि बट्टा पुन्हा त्याच्याच वाट्याला आला ज्याच्या हातात शेवटी नाणं उरलं. मोठ्या दुकानाचा गल्ला बँकेत जातो. पालेभाजी विकणाऱ्या बाईला दिवसअखेर दहाची तीस नाणी उरली आणि ठोक व्यापाऱ्याने ती नाकारली तर तिचे तीनशे रुपये त्या रात्रीपुरते चलनातून बाद झालेले असतात. संग्राहक ज्या वेगळेपणासाठी जास्त पैसे मोजतो त्याच वेगळेपणाच्या भीतीने ती घाट्यात जाते. नाण्यातल्या दोषाचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही हिशेब एकाच पानावर मांडावे लागतात.